थेरडी पाणी पिते

सुभद्राची उभी हयात परळच्या इस्पितळात नर्स म्हणून गेली. म्हाताऱ्या अंगाची तिला भीती ती कसली? निवृत्त झाली आणि तिने एक जुनी शिडाची होडी घेतली. सागवानी, एका क्लबाने टाकून दिलेली. वरळी कोळीवाड्यात, मनू कोळणीच्या मासळी सुकवायच्या जागेशेजारी, ती होडी ताडपत्रीखाली दोन वर्षं टेकूंवर उभी होती. लालबागहून सुभद्रा रोज यायची, जुना रंग खरवडायची, फळ्यांच्या फटींत कापूस ठासायची. हिच्यातून वाऱ्यावर माहेरी मालवणला जायचं, बंदराबंदराला मुक्काम करत. बस, एवढंच मनात.

नावं ठेवणारे पुष्कळ. मनू तर वाट अडवूनच विचारी, "काय गो नर्सबाय, तुजी थेरडी उठली का?"

मुलगा निलेश तेच जरा सभ्य भाषेत म्हणे. "आई, हौस आहे ना? मग नवी घे, फायबरची. कटकट नाही. हप्ते मी भरतो."

"हप्ते फिटेपर्यंत ती धक्क्याला बांधलेली नि तू ऑफिसला. मालवणला जाणार कोण?"

शेवटी ठरलं. उधाणाच्या भरतीला होडी पाण्यात घालायची. तरली तर मालवण, बुडाली तर भंगारवाला. सुभद्राने तसा शब्द दिला.

भरती आली. कोळीवाड्यातल्या गड्यांनी दोर ओढला. होडी पाण्यात उतरली, नवरीसारखी लाजत डुलली, आणि फटीफटीतून आत पाणी झरू लागलं. होडीत उभ्या सुभद्राचे घोटे बुडाले. मग पोटऱ्या.

काठावर हशा पिकला. निलेशने फोन काढला. "उतर, आई. बोलावतो भंगारवाल्याला."

सुभद्राने पदर खोचला, बादली उचलली. "गप ऱ्हव रे झिला! ती पानी पिता हा. दोन वर्सां कोरडी पडली, तहान लागूची नाय? लाकूड फुगला की फटी मिटतत."

"आणि नाही मिटल्या तर?"

"तर मीय हयसरच, हिच्याबरोबर."

"म्हणून म्हणत होतो, नवी—"

"वॉर्डात म्हातारं माणूस आणलं, तर आम्ही सांगायचो काय, परत न्या नि नवं आणा म्हणून?"

मनू खदखदून हसली. या खेपेला निलेशकडे बघून.

सुभद्रा उपसत राहिली. हात भरून आले तशी ओठांवर ओवी आली:

जुनं झालं लाकूड बाई, जुनी झाली माझी काया
दर्याला ग कोण पुसे, किती जुनी तुझी माया

ऊन कललं. हसणारे कंटाळून घरी गेले. निलेशने फोन कधी खिशात टाकला कुणी पाहिलं नाही. तो बुटांसकट पाण्यात शिरला आणि दुसरी बादली मागू लागला. तेवढ्यात सुभद्राची बादली तळाला घासली. खर्रर्र, कोरडा आवाज.

थेरडीची तहान भागली होती.

पुढच्या रविवारी निलेश तांबड्या रंगाचा डबा घेऊन आला. "होडीला नाव काय द्यायचं, आई?"

सुभद्राने मनूकडे पाहिलं. "एवढ्या लोकांनी नावं ठेवलीत. त्यातलंच एक उचल की."

मग मागच्या फळीवर 'थेरडी' लिहिलं गेलं; काठावर राहिलेल्यांना लांबूनही वाचता येईल, एवढ्या मोठ्या अक्षरांत.