दहापैकी शून्य

मला यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा.

नीरजा म्हणजे सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधल्या आमच्या शेजारच्या राजाभाऊंची मुलगी. यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून मोठी झाली. आता नोएडातल्या एका इस्पितळात भूल देणारी डॉक्टर आहे. यांच्या बायपासची तारीख ठरली तेव्हा तिनेच घरी येऊन समजावलं. छातीचं हाड कापलेलं असतं, त्यामुळे खोकताना जीव जातो. मग माणूस खोकतच नाही आणि कफ साचून न्यूमोनिया होतो. म्हणून ती पाठीत दोन्ही बाजूंना बारीक नळ्या बसवणार होती. त्यांतून औषध जात राहिलं की छातीच्या नसा बधिर राहतात.

"आमचे सर मोठ्या मुश्किलीने तयार झालेत, काका. इथली ही पहिलीच केस. नीट झालं तर पुढे सगळ्यांना मिळेल."

"बिल्कुल," हे म्हणाले. "तुझी मान ताठ राहिली पाहिजे."

ऑपरेशननंतरचा पहिला दिवस छान गेला. चहात साखर नाही म्हणून हे सिस्टरशी भांडलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी यांना खोलीत आणलं, आणि नीरजा तिच्या सरांना घेऊन आली.

"अंकल, दस में से कितना दर्द?" सरांनी विचारलं.

"ज़ीरो."

खोटं. एकेचाळीस वर्षं संसार केलाय मी. चादरीबाहेर यांच्या पायाची बोटं आवळलेली दिसत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. सरांनी नीरजाची पाठ थोपटली. पोरीचा चेहरा खुलला, आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

ते गेल्यावर मी यांना फैलावर घेतलं.

"डावीकडे जरा दुखतंय," हे म्हणाले. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. सरांसमोर तिचं हसं करायचं का?"

"अहो, तिला एकटीला सांगू."

"ती लगेच लिहून ठेवेल, आणि सर वाचतील. मी ओळखतो तिला. माझी शपथ आहे तुला."

साठी उलटलेली बाई मी, आणि शपथेला बधले. व्यायाम करवणारा माणूस आला की हे घशातल्या घशात खोकायचे. खोल श्वास घ्यायचेच नाहीत. चौथ्या दिवशी ताप भरला, पाचव्या दिवशी श्वासाचं यंत्र लागलं, आठव्या दिवशी हे गेले.

तेराव्याला नीरजा आली. माझा हात धरून बसून राहिली.

"नळ्या काढताना पाहिलं, काकू. डावी आतून निसटली होती. पट्टी वरून जशीच्या तशी. पाच मिनिटांत दुसरी बसवली असती मी. काका शून्य म्हणायचे, मी शून्य लिहायचे." तिला हुंदका आवरेना. "तुम्ही तर सारखं शेजारी होता. तुम्हालाही नाहीच ना कळलं?"

"कळलं होतं," मी म्हटलं.

तिने माझा हात सोडला.