मिशी येईपर्यंत

दाढीची मशीन आमच्या घरात आली, त्याचा दोष मी कोणालेच देत नाही. आणली सीताच्या बाबानं, पण दोष मी कोणालेच देत नाही. सीता माझी पोरगी. त्या साली तिले किरनापूरले दिली, म्हणून घरात आम्ही तिघंच उरलो: मी, सीताचे बाबा, आणि माझे सासरे. सासऱ्याले आमच्याकडे मामाजी म्हणतात. नवऱ्याचं नाव मी घेत नाही. ज्याले पाहिजे त्यानं बालाघाटच्या लाकडाच्या डेपोत जावं आणि बडे बाबू कोण म्हणून विचारावं.

मामाजीचं असं, की माझी सासू गेली तवापासून त्यायनं मरायचं ठरवलं होतं. आजार काही नाही, जराकसा खोकला. पण मी ताट ठेवलं की म्हणत, "सूनबाई, ज्याले गाडीत बसायचं हाय त्यानं पोट भरून काय करावं?" दोन घास भात खात आणि ताट सरकवून देत. डॉक्टरनं देल्लेली बाटली खिडकीत तशीच उभी. मी रागावून पाह्यलं, गोड बोलून पाह्यलं. सीताचे बाबा डेपोतून आले की पहिले ओसरीतल्या खाटेकडे पाहत, मंग चपला काढत. बोलत काहीच नाहीत. या घरचे पुरुष बोलत नाहीत, ते काम माझ्याकडे हाय.

मामाजी उठून बसत ते फक्त नथ्थूसाठी. नथ्थू आमचा न्हावी. राजेगावकडचं गाव आम्ही सोडलं, शेती बटईनं देल्ली, पण नथ्थू काही सुटला नाही. त्यानंही आपली पेटी बालाघाटात आणली. दर बुधवारी येई, ओसरीत बसून बापलेकाची दाढी करी आणि कोणाच्या घरी काय झालं ते सांगे. आमच्या लोकायत न्हावी म्हणजे नुसता दाढीपुरता नाही. लग्नाचं बोलावणं तोच नेते आणि मयतीचा निरोपही तोच नेते. मामाजी बुधवारी सकाळपासून विचारत, "आला का?"

मंग डेपोत नवा साहेब आला. गाल असे गुळगुळीत, की माशी बसली तं घसरावी. एक दिवस तो म्हणे, "बड़े बाबू, आप अब भी नाई के भरोसे हो?" एवढंच म्हणे. सीताच्या बाबाचा येणारा रविवार गोंदियाच्या बाजारात गेला. छोट्या लाईनच्या गाडीतून मशीन, ब्रश, साबण, ब्लेडची पुडी आणि एक गोल आरसा घेऊन आले. हौसेले मोल नाही. पुडीवर एका माणसाचं चित्र होतं, थोबाडभर फेस लावून हसणारं. मी म्हटलं, याले काय झालं हसाले?

बुधवारी नथ्थू आला तं यायनं त्याले सांगतलं, आता नको येत जाऊ. नथ्थूनं पेटी उघडली होती, ते बंद केली.

"आन दादाची?" त्यानं विचारलं. मामाजीले तो दादा म्हणे.

"त्यायचीही मीच करीन."

खाटेवरून मामाजी म्हणाले, "माझ्या तोंडाले यंत्र लागणार नाही." आणि भिंतीकडे तोंड करून निजले. नथ्थूनं मी देल्लेला चहा पेला, कप उलटा ठेवला आणि गेला. त्या दिवसापासून मामाजीची दाढी वाढत गेली आणि भात दोन घासावरून एका घासावर आला.

आता मिशीचं सांगते. ओसरीच्या बांबूच्या कुडामागं आमची बाडी, म्हणजे परस, आणि कुडाले लागूनच पेरूचं झाड. त्या झाडाले यायनं आरसा टांगला. नथ्थू साबण लावताना मिशी बोटानं बाजूले धरे, हे यायच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, कारण नथ्थू आला की हे डोळे मिटत. यायच्यासमोर होतं ते पुडीवरचं चित्र. चित्रातल्यासारखा यायनं कानापासून नाकापर्यंत फेस थापला. मी चुलीपाशी तांदूळ निवडून राह्यली होती. हे बाडीतून आले तं तोंडावर डावीकडे मिशी होती, उजवीकडे नव्हती.

मी म्हटलं, "दुसरी कुठी गेली?"

"बरोबर करतो," म्हणे, आणि परत गेले. बरोबर करता करता दुसरीही गेली.

ज्याले ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. आमच्यात बाप जिवंत असताना पोरगा मिशी उतरवत नाही. बाप गेला की वैनगंगेवर न्हावी बसते आणि पोराची मिशी उतरवते. तोंडावर मिशी नाही म्हणजे घरात बाप नाही, हे लहान लेकरालेही समजते. आणि इथं बाप ओसरीत खोकलून राह्यला होता.

हे तोंडाले दुपट्टा बांधून डेपोत गेले. तिथं दुपट्टा सुटला. साहेब खुर्चीतून उठून उभा राह्यला. "पिताजी कब गए?" हे नुसतेच खाली पाहत राह्यले. झालं. अर्धा दिवस काम बंद. हमाल, गाडीवाले, सगळे सागाच्या ओंडक्यावर गप बसले. यायले सुटी देऊन घरी पाठवलं. मी विचारलं, "काहून नाही सांगतलं, बाप जिता हाय म्हणून?" म्हणे, "सगळे रडून राह्यले होते. बरं दिसलं नसतं."

येताना रस्त्यात यायले नथ्थूनं पाह्यलं. त्याले वाटलं, दादा गेला आणि मले बोलावलं नाही, मिशीसुद्धा मशीननंच उतरवली. दुसरा कोणी असता तं दारात येऊन भांडला असता. नथ्थू सरळ राजेगावच्या मोटारीत बसला. तिथं माझी नणंद गोदाबाई देल्लेली हाय. मयतीचा निरोप नेणं न्हाव्याचं काम, बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी. असा माणूस आम्ही एका मशीनसाठी घालवला होता.

दुसऱ्या दिवशी गोदाबाई आली. गल्लीच्या तोंडापासूनच तिचा आवाज येऊन राह्यला होता. मागं नथ्थू, तिची थैली डोक्यावर घेऊन. दारातच तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. "माया बाप गेला वो! कसा देवमाणूस होता वो! कोणाले उणा शब्द नाही बोलला वो जन्मात!"

"हे तं खोटं हाय," खाटेवरून मामाजी म्हणाले.

गोदाबाईनं पाह्यलं आणि होती तिथंच खाली बसली. मी पाणी देल्लं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं पहिले बापाले झापलं, मेले नाही तं कोणाजवळ निरोप तरी पाठवायचा, मोटारीचं भाडं पडते माणसाले. मंग तिनं भावाकडे पाह्यलं. हे दारात उभे होते. दोन दिवस बापापासून लपवलेलं तोंड आता उघडं होतं.

"इकडे ये," मामाजी म्हणाले.

हे जाऊन खाटेजवळ बसले. मामाजीनं यायच्या ओठावरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"हे माझी होती," मामाजी म्हणाले. "तुया तोंडावर होती, पण होती माझी. मी माझ्या बापाले देल्ली, त्यानं त्याच्या बापाले देल्ली. आता मी उद्या गेलो तं तू नदीवर काय उतरवशील? नथ्थू वस्तरा घेऊन बसन आन त्याले काहीच भेटणार नाही. तसाच जाऊ का मी, बिनवारशासारखा?"

इतके दिवस मरणाच्या गोष्टी करत, पण भ्यालेले मी त्यायले तवाच पाह्यले. मले लय वाईट वाटलं. आणि त्या मशीनचा असा राग आला, की विहिरीत टाकावी.

हे मान खाली घालून बसले.

मामाजीनं नथ्थूकडे पाह्यलं. "याले किती दिवस लागतीन?"

नथ्थू म्हणाला, "भरून याले दोन-अडीच महिने तं लागतेच, दादा."

मामाजीनं बोटावर महिने मोजले. मंग म्हणाले, "तवरक मले थांबा लागन."

त्या संध्याकाळी मी भाताचं ताट ठेवलं. त्यायनं सगळं संपवलं, आणि म्हणाले, "अजून वाढ. आन ते खिडकीतली बाटली इकडे दे. आता असं मधातच जाता येत नाही मले."

नथ्थूचा बुधवार परत सुरू झाला. दाढी एकट्या मामाजीची. सीताचे बाबा गालाची दाढी मशीननंच करत, पण ओठाले हात लावाचा नाही, अशी मामाजीची ताकीद होती. रोज सकाळी चहाच्या वेळेले मामाजी पोराले बोलावत आणि ओठावरून बोट फिरवत. "अजून नाही," म्हणत. गोदाबाईनं राजेगाववरून एरंडीच्या तेलाची शिशी पाठवली. हे रोज संध्याकाळी बापासमोर बसून ते तेल ओठाले चोळत. घरात सगळीकडे एरंडीचा वास. डेपोत लोक विचारत, बडे बाबू, बाप हाय की गेला, एकदाचं सांगा. हे ऐकून घेत.

थंडी गेली, होळी गेली, मोहाची फुलं वेचून झाली. मिशी काही आली नाही. मामाजीच्या अंगावर मात्र मांस आलं. चौकापर्यंत फिरून येत, दूधवाल्याशी पाण्यावरून भांडत. पण मले चैन नव्हती. चाळिशीच्या माणसाच्या ओठाले काय रोग लागला, म्हणून मी नथ्थूलेच म्हटलं, पाह्य गा बाबा जरासं.

नथ्थूनं यायले उजेडात बसवलं. बोट फिरवलं, थांबला, परत फिरवलं. मंग यायच्या डोळ्यात पाह्यलं. हे दुसरीकडे पाहाले लागले.

"काय म्हणते?" मामाजीनं विचारलं.

"दादा," नथ्थू म्हणाला, "काही काही जमीन भारी राह्यते. बी उशिरा निघते."

मी मनात म्हटलं, लबाड. जन्म केसात गेला याचा, आणि हा मले जमीन सांगून राह्यला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर उठली आणि बादली घेऊन बाडीत गेली. पेरूपाशी सीताचे बाबा उभे होते. गाल करून झाले होते. आता त्यायनं ब्रशचं नुसतं टोक ओठावर फिरवलं. मंग मशीन घेतली आणि हळूहळू, वरून खाली, एकेक केस काढला. या माणसानं कोणतंही काम इतकं जीव लावून केलेलं मी पाह्यलं नाही. लग्नात माझ्या गळ्यात हार टाकताना तो खाली पाडला होता यानं. ओठ झाल्यावर त्यायनं बोट फिरवून पाह्यलं, जसे मामाजी फिरवत तसंच. एका जागी काही लागलं असन, तिथं परत मशीन फिरवली.

आरशात त्यायले मी दिसली. हात थांबला.

मशीन पुसत म्हणाले, "मिशी आली तं ते जातीन."

मी बादली भरली. डोळे भरून आले ते पदराले पुसले आणि चूल पेटवाले गेली. इतक्या वर्षाच्या संसारात यायले मी काय काय नाही बोलली. त्या सकाळी वाटलं, माझ्या बापानं मले पाहून देल्ली होती, बरोबर देल्ली होती.

चहाच्या वेळेले मामाजीनं पोराले बोलावलं. ओठावरून बोट फिरवलं, इकडून, तिकडून. "अजून नाही," म्हणाले. "हौ," हे म्हणाले, आणि चपला घालून डेपोत गेले.

मी ताट घेऊन आली. मामाजीनं ते जवळ ओढलं, भात कालवला, आणि गल्लीत यायच्या चपलांचा आवाज ऐकू येईनासा झाला तवा कुडाकडे पाहत म्हणाले, "सूनबाई, याले सांग, ब्लेड बदल म्हणा. दोन दिवसापासून लय खरखर ऐकू येते. ओठ कापून घेईन तो एखाद दिवस."

"हौ," मी म्हटलं.

"आन वरण वाढ," मामाजी म्हणाले.