सत्तावीसचा आकडा

“बारा, अकरा, तेरा!” मिलचे मॅनेजर आनंदसाहेब यांनी कागद भावकूच्या नाकासमोर धरला. “वाचा. तुमच्या लेकीचं अक्षर आहे. काय सुरेख अक्षर!”

भावकू कुट्रे नुकताच मिलच्या गेटातून आत आला होता. सकाळपासून तो बेळगावात निवृत्तीचे कागद सारखे करत बसला होता, आणि तिथल्या कारकुनानं एकच फॉर्म त्याला तीनदा भरायला लावला होता. डोक्याला आधीच ताप, त्यात हे. आकडे त्यानं दोनदा वाचले.

“इन्स्पेक्टरसाहेब जेवायला गेलं न्हाईत?” त्याच्या तोंडून एवढंच निघालं.

“आज संकष्टी! उपास आहे म्हणाला. ढाब्यावर मटणाचं ताट सांगून ठेवलेलं, आणि हा पठ्ठ्या दोन केळी घेऊन लॅबमध्ये ठाण मांडून बसला. तुमच्या पोरीनं त्याच्यासमोर तिन्ही तुकडे तोडले. सत्तावीस पाहिजेत, भावकूअण्णा, सत्तावीस! आणि ही आणते अकरा!”

होनग्याच्या औद्योगिक वसाहतीतली ही मिल मोठमोठ्या इमारतींसाठी पोलादाचे बीम बनवायची. भट्टीत लालभडक तापवायचं आणि रोलमधून लाटून काढायचं. आता बीम नुसता ताकदीचा असून भागत नाही, तो चिवटही लागतो. ओढून पाहिला तर मिलचा बीम कुणाच्या बापाला ऐकत नसे. पण थंडीत एकदम धक्का बसला तर तो वाकतो की तटकन तुटतो, हे पाहायची परीक्षा वेगळी. बीमचा बोटाएवढा तुकडा कापायचा, त्याला मधोमध खाच पाडायची, बर्फाच्या पाण्यात ठेवायचा आणि काढल्या काढल्या यंत्राच्या झुलत्या हातोड्यानं तोडायचा. तुटताना तुकडा किती जोर खातो ते काट्यावर दिसतं. सत्तावीस ज्यूलच्या वर गेला तर बीम पास. हा चिवटपणा आणायचा तर पोलाद जरा निवू द्यावं लागतं, मग सबुरीनं लाटावं लागतं. मिलला गाड्या भरायची घाई, सबुरी कुठली परवडायला?

मग लॅब सांभाळणाऱ्या भावकूनं नऊ वर्षं सत्तावीस आणला तरी कुठून? तर त्याचं उत्तर लॅबच्या मागं ताडपत्रीखाली पडलेलं होतं. कुठल्याशा बड्या कारखान्याचा एक अस्सल बीम मिलनं नमुना म्हणून विकत आणला होता. सगळी मिल त्याला ‘जावई’ म्हणायची. काम नाही धाम नाही, पावसात भिजू द्यायचा नाही, वरचेवर तेल लावायचं आणि पाहुणे आले की पुढं करायचा. गिऱ्हाइकाकडून माल तपासायला आलेला इन्स्पेक्टर ढाब्यावर जेवायला गेला, की भावकू मिलच्या बीमचे तुकडे उचलून जागी जावयाचे तुकडे ठेवायचा. साहेब ढेकर देत परत यायचे, हातोडा सुटायचा, काटा चव्वेचाळीस नाहीतर सेहेचाळीस दाखवायचा. पहिल्यांदा आनंदसाहेब म्हणाले होते, एवढी एक वेळ निभावून न्या. तेव्हा वीस फुटांचा असलेला जावई आता हातभर उरला होता.

इतक्या वर्षांत एकही इमारत पडली नव्हती. भावकू हे स्वतःला रोज सांगायचा. धक्का बसल्याशिवाय कळत नाही, हेही त्याला ठाऊक होतं, पण ते तो स्वतःला सांगायचा नाही.

आणि सहा महिन्यांपूर्वी रचना लॅबमध्ये लागली. डिप्लोमाला तालुक्यात पहिली आलेली पोर. गावात, कडोलीत, भावकूच्या बायकोनं, जयाबाईनं, घरोघरी पेढे वाटले, “आप्पाच्या जागंवर लेक बसणार” म्हणून. रचनाला बापाचा कोण अभिमान! भावकूला निवृत्त व्हायला अठरा दिवस राहिले होते, आणि जावयाची गोष्ट तिला आज सांगू, उद्या सांगू करत त्यानं सांगितलीच नव्हती. जीभच उचलत नव्हती. आज तो बेळगावात अडकला आणि पोरीनं, जे शिकली होती ते, सरळ करून टाकलं.

“आता काय करू म्हंतासा?” भावकूनं विचारलं.

आनंदसाहेबांनी आवाज खाली आणला. शहापूरच्या घरंदाज माणसाचा गोड आवाज. “सोपं आहे. पोरीनं बर्फात मीठ घातलं म्हणून सांगा. आइस्क्रीमवाले घालतात तसं. मिठानं बर्फ शून्याच्या कितीतरी खाली जातो, त्यात आकडा पडणारच. नवी आहे, चुकली. उद्या सकाळी परत टेस्ट.”

“रचना? आन् बर्फात मीठ? शाळंतलं पोर बी असं करायचं न्हाय, साहेब.”

“मग दुसरं काय सांगणार? खरं सांगणार? सांगा की. नऊ वर्षांच्या प्रत्येक रिपोर्टवर सही तुमची आहे, माझी नाही. आणि पोरीच्या कायम नोकरीचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. टाईप होऊन पडलंय बिचारं.”

धमकी देताना आनंदसाहेब कधी आवाज चढवत नसत. त्यांना गरजच पडत नसे.

लॅबमध्ये इन्स्पेक्टर आशुतोष खुर्चीवर बसून दुसरं केळं सोलत होता. पुण्याकडचा तरुण, चष्मेवाला, सालस माणूस. टेबलावर तिन्ही तुटके तुकडे ओळीनं मांडले होते. चांगलं पोलाद तुटलं की तोंडाशी काळपट आणि धाग्याधाग्याचं दिसतं. हे तुकडे खडीसाखरेसारखे चमकत होते. रचना बापाला पाहून उठली, आणि कशी म्हणावी, तर चेहऱ्यावर काळजी होती पण खाली कुठंतरी आनंदही होता. आपण चोर पकडला असं वाटत होतं पोरीला.

“आप्पा, बघा की! बीम नापास हाय. बरं झालं आत्ताच कळालं. न्हायतर गेलं असतं की गाडीतनं.”

भावकूनं तिच्याकडं पाहिलं नाही. तो इन्स्पेक्टरसमोर उभा राहिला, टोपी काढली, उगाच हातात फिरवली.

“साहेब, माफी असावी. पोरीचं चुकलंय. बर्फ आनिक गार व्हावा म्हून मी तिला एकदा सांगितलतं, वाईच मीठ टाकत जा. ते घरच्या आइस्क्रीमच्या डब्याचं सांगितलतं. तिनं हितं बी टाकलं जणू.”

आशुतोषच्या हातातलं केळं तसंच राहिलं. “मीठ? मी थर्मामीटर बघायला हवा होता. यांनी बर्फ लावला तेव्हा मी बाहेर बीम मोजत होतो.” तो स्वतःच ओशाळला. मग रचनाकडं वळून म्हणाला, “खरंय का हे? मीठ घातलं होतं तुम्ही?”

भिंतीवरचा पंखा घरघरत होता. रचनानं आधी तुकड्यांकडं पाहिलं, मग बापाच्या हातातल्या टोपीकडं. ती अजून फिरतच होती. हा माणूस तिनं कधी घाबरलेला पाहिला नव्हता. कडोलीच्या यात्रेत उधळलेल्या बैलाच्या शिंगाला हात घालणारा तिचा बाप!

“व्हय सर,” ती म्हणाली. “मीठ मीच घातलं.”

“असू दे. पहिल्या नोकरीत होतं असं,” आशुतोष मायेनं म्हणाला. “पण अंदाजानं काम करायचं नाही. मी आज इथंच गेस्ट हाउसला राहतो. उद्या नवे तुकडे लावा.”

भावकूला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. लेकीच्या थोबाडीत मारली असती तरी एवढी लाज वाटली नसती त्याला.

संध्याकाळी मोटारसायकलवर रचना मागं बसली. काकती गेलं, फाटा गेला, कडोलीचा रस्ता लागला. भावकू वाट पाहत होता, आता विचारेल, आता भांडेल. तिनं विचारलं ते एवढंच, “आईनं कोथमीर आणाय सांगितलीया. थांबूया का?”

घरी जयाबाई मोदकाचं सारण परतत होती. “काय गं, तोंड का उतरलंय? साहेब वरडला व्हय?”

“न्हाय गं. उपाशी हाय म्हून.”

मग सोप्यात बापाशेजारी बसून कोथिंबीर निवडता निवडता रचना हळूच म्हणाली, “आप्पा, जावई म्हंजे त्यो ताडपत्रीखालचाच न्हवं? मी उगंच हसायची सगळ्यांसंगं. तुकडं त्येचंच लावत हुतासा?”

भावकूनं मान हलवली.

“पहिल्यापास्नं?”

“तू सहावीत हुतीस तवापास्नं. एकदाच म्हणलं हुतं गं साहेबानं. एकदा केल्यावर दुसऱ्यांदा न्हाय म्हणाय तोंडच ऱ्हाईना.”

रचनानं दोन काड्या निवडल्या. “हे बीम कशाला जाणारेत? इमारत कसली हाय?”

“गोदाम हाय. सिमेंटाचं,” भावकू म्हणाला.

तिनं पुढची काडी उचलली. मुलींचं वसतिगृह, नऊ मजले, हे तिनं स्वतःच सकाळी रिपोर्टच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं. भावकूला ते जेवताना आठवलं, आणि हातातला मोदक त्यानं ताटात परत ठेवला.

पहाटे कोंबडं आरवायच्या आधीच त्याचं ठरलं. ठरलं आणि कसं हलकं वाटलं त्याला! नऊ वर्षांत एवढी गार आंघोळ कधी लागली नव्हती. सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून तो चुलीपुढं येऊन उभा राहिला.

“जया, आज म्या इन्स्पेक्टरला सगळं खरं सांगून येनार हाय. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पोरीवर खोटा बोल ठेवलाय म्या, त्यो पुसून येतो. ऊठ म्हण तिला.”

“आता गं बया! काय केलासा तुमी?” जयाबाईच्या हातातली परात खाली आली. “आन् रचना कुठली उठवताय? ती पहिल्या बसनं गेली की. तुमचीच किल्ली घिऊन गेली, कपाटाची. आप्पानं सांगितलंय म्हणाली.”

भावकूनं खुंटीवरचा कालचा शर्ट चाचपला. खिसा रिकामा होता. लॅबच्या कपाटात, तेलाच्या फडक्यात, जावयाचे तीन तयार तुकडे कायम असत.

मोटारसायकल त्यानं कशी हाणली ते त्याचं त्याला माहीत. तो लॅबच्या दारात पोचला तेव्हा आशुतोष बॅग आवरत होता आणि आनंदसाहेब त्याला बेळगावच्या कुंदा मिठाईचा बॉक्स देत होते.

“साहेब!” भावकूला धाप लागली होती. “साहेब, जरा थांबा. मला बोलायचंय.”

“या या! बोला ना,” आशुतोष हसून म्हणाला. “तुमच्या मुलीनं आज झकास काम केलं. साडेसहालाच फोन करून बोलावलं मला. तापमान मला दाखवून घेतलं, वेळ लावली. पंचेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस. बर्फ तर असा ठेवला होता की नाव ठेवायला जागा नाही.”

टेबलावर रिपोर्ट होता. खाली, जिथं नऊ वर्षं भावकूची सही असायची, तिथं त्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं, रचना भावकू कुट्रे. तिची आयुष्यातली पहिली सही. शाई नीट वाळलीही नव्हती.

रचना हातोड्याच्या यंत्राजवळ उभी होती. ती पुढं आली आणि बापाच्या शर्टाची मुडपलेली कॉलर सरळ करायच्या निमित्तानं पुटपुटली, “आप्पा, बोलू नकासा काय बी. आता माझी सही झालीया. तुमचं सतरा दिवस ऱ्हायलेत, सुखानं घरला या.”

भावकूला आता कळलं. तोंड उघडलं तर पहिली बेडी लेकीच्या हातात पडणार. तिनं बापाला वाचवलं होतं, आणि वाचवता वाचवता बापाची उरलीसुरली वाटही बुजवून टाकली होती. तीही एवढ्या मायेनं, की तिच्यावर ओरडायचीही सोय नव्हती.

“बोला, काय म्हणत होता?” आशुतोषनं विचारलं.

भावकूनं रिपोर्टवरच्या सहीकडं पाहिलं.

“न्हाय... म्हणलं, साहेब, चा घेनार का?”

“बिनसाखरेचा असेल तर घेतो,” आशुतोष म्हणाला.

दुपारी ट्रेलर भरला. चाळीस फुटी बीम घेऊन ट्रेलर हायवेवर वळवायचा तर दोन्हीकडच्या गाड्या कुणाला तरी थांबवाव्या लागतात. गेटवरचा भरमू जेवायला गेला होता, तेव्हा आनंदसाहेबांनी लाल फडकं भावकूच्या हातात दिलं. भावकू रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. निपाणीकडं निघालेली एस.टी. थांबली. खिडकीतून कॉलेजच्या पोरी डोकावून बघायला लागल्या, एवढा लांब बीम बघून एकमेकींना दाखवायला लागल्या. ट्रेलर त्याच्या अगदी जवळून सावकाश वळला आणि रस्त्याला लागला.

“अण्णा, झालं की! सोडा आता!” एस.टी.चा ड्रायव्हर ओरडला.

भावकूनं ऐकलं. पण हात काही खाली येईना. मागं हॉर्नवर हॉर्न वाजत होते, आणि शेवटी लॅबमधून रचना पळत आली, त्याचा दंड धरून तिनं त्याला बाजूला घेतलं.