दुपारची बंद खोली

लोकांच्या कारभारात नाक खुपसायची मला जन्मजात सवय. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून धाकट्या भावाकडे, बापूकडे राहायला आले, तेव्हा ते नाकच तेवढं धड चालत होतं.

बापू आणि माझी भावजय मिळून कवळ्या बनवतात. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचं काम. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवतात, भावजय मेणात एकेक दात बसवते, बापू घासूनपुसून पोचवतो. तिच्या हाताला तोड नाही, त्यामुळे उसंतही नाही. जेवताना फोन, आंघोळीला गेली तरी फोन.

पण दुपारची जेवणं झाली की ती मागच्या खोलीत जायची आणि आतून कडी लावायची. चहाच्या वेळी बाहेर यायची ती नखं घासत. झोपून उठलेला माणूस नखं कशाला घासेल?

बापूला विचारलं तर म्हणाला, "तिचं काहीतरी चालू असतं." बायकोचं काय चालू असतं हे याला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही! असली माणसं मला कळतच नाहीत. शेवटी एकदा मीच कुबडी टेकत गेले आणि दार वाजवलं.

तिने दार उघडलं. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. मागे फळीवर मातीची डोकी ओळीने मांडलेली. एकालाही डोळे नव्हते, पण ओठ असे जिवंत की आता बोलतील असं वाटावं.

"ताई, आलाच आहात तर बसा समोर," ती म्हणाली. "मला माणूस हवाच होता."

मग सगळं बाहेर आलं. तिला लग्नाआधीपासून मूर्तिकाम शिकायचं होतं. मुलं मार्गी लागली की, कवळ्यांची नवी भट्टी आली की, असं करत ते मागे पडलं. आता कलाशाळेत संध्याकाळचे वर्ग निघालेत. शनिवारी प्रवेशपरीक्षा: समोर बसलेल्या माणसाचं डोकं सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत पुरं करायचं.

"बापूला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, सगळी घाईची कामं संध्याकाळीच येतात."

मी खुर्चीत बसले. वाटलं, आता ही माझं नाक बघेल, कपाळ बघेल. कसलं काय! तिने मातीचा गोळा घेतला आणि चक्क दात करायला घेतले. वरची ओळ, खालची ओळ, मागच्या दाढासुद्धा. मग त्यांवर ओठ मिटवले. केलेलं सगळं आत गडप.

"अगं, हे दिसणार कुणाला?"

"आत दात नसले तर ओठ बसतील कशावर? कवळी काढलेल्या माणसाचं तोंड बघितलंय ना?"

"पण त्यात दुपार गेली! डोळे कधी करणार?"

तिलाही ते कळत होतं, हात मात्र ऐकत नव्हते. शनिवारपर्यंत मी रोज समोर बसले आणि दाताच्या कण्या करून सांगितलं, की बाई, वरवरचं कर. रोज दात पहिले. मला राग यायचा आणि बघत राहावंसंही वाटायचं.

शनिवारी ती पिशवी घेऊन दारात उभी होती, तेवढ्यात फोन आला. एका वक्त्याची कवळी मोडली होती आणि संध्याकाळी भाषण होतं. बापू नुसता तिच्याकडे बघत राहिला. आणि काय सांगू, तिने मुकाट्याने चपला काढल्या! कुणी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही, पाय आपोआप मागे वळले. मी बापूच्या हातातून फोन ओढून घेतला.

"भाषण पुढे ढकला म्हणावं," मी डॉक्टरांना सांगितलं. "ऐकणाऱ्यांचंही भलं होईल."

"ताई! जुने डॉक्टर आहेत ते," बापू ओरडला.

"मग तू बसव दात."

भावजयीने दोघांकडे पाहिलं, चपला घातल्या आणि गेली. बापूने दिवसभर माझ्याशी अबोला धरला आणि खरंच दात बसवत बसला. ती कवळी वक्त्याच्या तोंडात बसली की नाही, देव जाणे.

ती परतली ती हसत, पण डोळे लाल.

"दात झाले, ओठ झाले," ती म्हणाली. "डोळे राहिले."

"नाव लागलं?"

"नाही. परीक्षक बराच वेळ बघत होते. म्हणाले, असं तोंड इथे कुणी केलं नाही, पण माणूस पुरा करा आणि पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी! असली किती पुढची वर्षं तिने आधीच घालवली होती. आता ही मागची खोली आवरून ठेवणार, अशी माझी खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि ती पुढच्याच खोलीत कामाला बसली. बापू उठला. त्याने फोनची वायर काढली आणि मागच्या खोलीत जाऊन माझ्या खुर्चीत बसला.

"अगं ये," त्याने हाक मारली. "तोंड राहू दे. डोळ्यांपासून सुरू कर."

ती गेली, मातीचा गोळा घेऊन समोर उभी राहिली. मी दारातून बघत होते, हलणार थोडीच! इतकी वर्षं दोघं एका टेबलाशी बसली, पण खाली मान घालून. बापू कधी मातीकडे बघे, कधी भिंतीकडे. कान लाल झाले होते त्याचे.

"अहो, तिकडे काय बघताय?" ती म्हणाली. "माझ्याकडे बघा."