पायरीची जीप

उचगावच्या केरबानं शिवाजी पेठेत फक्रुद्दीन मिस्त्रीच्या शेडपुढं जीप उभी केली, तेव्हा पेठेतले आकाशकंदील अजून उतरले नव्हते. जीप मिलिटरीच्या लिलावातली. सकाळी ती दुधाचे कॅन ओढायची, दुपारी गगनबावड्याच्या रस्त्याला माणसं. कितीही धुतली तरी तिचा शेवाळी रंग जुन्या तळ्यासारखाच दिसायचा. त्या दिवशी मात्र केरबानं तिला नवरीसारखं न्हाऊमाखू घालून आणलं होतं.

"मिस्त्री, दोन्ही अंगाला पायरी पायजे. खवल्याच्या पत्र्याची. लांबनं चांदीगत चमकली पायजे बघा."

फक्रुद्दीन गाडीखाली वाकला. बेळगावच्या मिलिटरी वर्कशॉपात अकरा वर्षं काढलेला माणूस तो. गाडी पोटाकडून बघायची सवय. वर आला तेव्हा दाढीला ग्रीस लागलं होतं.

"जायाचं कुठं?"

"खडकेवाडीला. साळवणच्या पुढनं डावीकडं. बनाबाईला आणायची."

बनाबाई केरबाची पाठची बहीण. लग्नाला दोन वर्षं झालेली, सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि लेकीला न्यायला मुराळी म्हणून जायचं ते भावानं. ही रीत उचगावात लहान पोरालाही ठाऊक.

"मधी ओढा हाय नव्हं?"

"हाय की. त्येला काय हुतंय?"

"लेका, पावसाळ्यानं त्या ओढ्याची हाडं वर काढली असत्यात. पायरी वीतभर खाली लोंबणार. दगडाला म्हणणार, ये बाबा, मला धर." फक्रुद्दीननं भिंतीला टेकलेला एक जाड पाइप पायानं पुढं ढकलला. "ह्यो लाव. गाडीच्या अंगाला चिकटून, चेसीला जोडून देतो. गाडी दगडावर टेकली तर ह्येच्यावरनं घसरून म्होरं जाईल. पत्रा वाचंल, शिटाखालची पेट्रोलची टाकी वाचंल. आन् बहिणीला चढाय-उतराय एक स्टूल ठेव मागं. ते बघ, माझंच हाय. घेऊन जा."

कोपऱ्यात एक बुटकं लाकडी स्टूल होतं. त्यावर बसून फक्रुद्दीनची बायको रोशनबी दुपारी त्याला जेवण वाढायची.

केरबानं त्या स्टुलाकडं पाहिलं आणि त्याचं तोंड तापलं.

"स्टुलावरनं उतरवू बहीण? त्या धोंडुबाईम्होरं?"

धोंडुबाई म्हणजे बनाबाईची सासू. गेल्या दिवाळीला बनाबाई माहेराहून परत गेली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. ट्रॉली उंच. लुगडं सावरता सावरेना, तेव्हा केरबानं आणि ट्रॅक्टरवाल्यानं तिला बखोटीला धरून खाली घेतलं होतं. धोंडुबाई अंगणातून म्हणाली, "पावण्यांनी लेक न्हाय उतरवली बाई, उसाची मोळी उतरवली!" सारी वाडी हसली. बनाबाईही हसली होती. केरबा तेवढा हसला नव्हता. ते हसू वर्षभर त्याच्या अंगात कुसळासारखं रुतून होतं. कूस बदलली की टोचायचं.

"ह्या बारीला माझी बहीण पायरीवर पाय ठेवून चढणार. राणीगत," तो म्हणाला. "आईनं तर ओवी बी रचलीया."

"ओवी?"

केरबानं लाजत लाजत म्हणून दाखवली. आई अंबूबाई लाडवांसाठी जात्यावर खारका भरडत होती, तेव्हा तिच्या तोंडून सुटलेली.

मुराळी गं येतो,
गाडीला त्याच्या पायरी
सयांनो या बाहेरी,
बघायाला.

फक्रुद्दीन हसला. त्याचीही एक बहीण होती, लालबी, मिरजेला दिलेली. ईदेला तिची वाट बघायची त्याला सवय होती.

"ओवीम्होरं माझा पाइप काय टिकायचा? सोड. लावतो पायरी."

त्यानं पत्रा कापला, कडा घासल्या, लुगड्याचा काठ अडकू नये म्हणून कोपरे गोल केले. मग तो थबकला. पायरी बोल्टवर बसवावी, की वेल्ड करावी? बोल्टची पायरी दगडाचा दणका बसला तर तुटून पडते आणि गाडी सुटते, हे त्याला ठाऊक होतं. पण बोल्ट सैल होतात. पायरी डुगडुगते. सातव्या महिन्यातली बाई, तिचा पाय पडायचा, आणि पायरी हलली तर?

"वेल्डच करतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "जन्मात हलायची न्हाय."

त्यानं डोळ्यांवर काच धरली. ठिणग्यांचा सडा पडला. एरवी दोन टाके मारले असते तिथं त्यानं सहा मारले. वरून चंदेरी रंग दिला. केरबानं पायरीवर उभं राहून दोनदा उड्या मारल्या. पायरी हूं की चूं करेना.

"मिस्त्री, हात हाय तुमचा!"

"बहिणीला माझा सलाम सांग," फक्रुद्दीन म्हणाला.

बनाबाईचा सांगावा त्याच आठवड्यात आला होता. वाडीचा एक माणूस बाजाराला आला तेव्हा सांगून गेला, "तुमची बहीण म्हणली, दादा काय बी घेऊन येऊ दे, पर सकाळच्या पारी येऊ दे. दुपार कलली की सासूबाई मला घराभाईर काढत न्हाईत."

केरबा सकाळच्याच पारी निघाला. गाडीला झेंडूचं तोरण, आत मऊ गोधडी, अंबूबाईनं दिलेली हिरवी साडी. अंबूबाई दारात उभी राहिली. गुडघ्यांनी तिला अंगणापलीकडं जाऊ दिलं नसतं. तिनं भाकरीचा तुकडा गाडीवरून ओवाळून टाकला आणि पायरीला हळद-कुंकू लावलं.

साळवण मागं पडलं. डावीकडची वाट लागली. दहाच्या सुमाराला ओढा आला. पाणी घोट्याएवढं, आणि त्यातून वर आलेले काळे धोंडे, बसलेल्या रेड्यांसारखे. केरबानं पहिला गिअर टाकला. पुढची चाकं चढली. मागची चढणार, तोवर खालून कुणी करकरून दात खाल्ल्यासारखा आवाज आला.

डाव्या बाजूची पायरी धोंड्यावर बसली होती. नुसती बसली नव्हती. वाकून, खाली वळून धोंड्याच्या खोबणीत शिरली होती, आकड्यासारखी. मागचं एक चाक हवेत. गाडी पुढं जाईना, मागं येईना.

केरबा उतरला. जॅक लावला, तो वाळूत बुडाला. लोखंडी टॉमी घातली, ती वाकली. मग त्यानं घण काढला आणि पायरी तोडायला लागला. पत्रा चेचला, चंदेरी रंगाचे पोपडे उडाले, हळद-कुंकू दगडाला लागलं. जोड मात्र तुटेना. सहाच्या सहा टाके जिथल्या तिथं.

वाडी तिथून तासाभराच्या चालीवर होती. तो चालत गेला असता तर दुपारच्या आत दारात असता. हे त्याला सुचलं नाही असं नाही. अकराला सुचलं, बाराला सुचलं. प्रत्येक वेळी डोळ्यांपुढं अंगण आलं, धोंडुबाई आली. चालत आलेला मुराळी! गाडी कुठाय पावणं? ओढ्यात! आणि त्यानं घण पुन्हा उचलला.

तिकडं खडकेवाडीत बनाबाईची ओटी भरून झाली होती. धोंडुबाईनं आपल्या हातानं खण-नारळ दिला, कपाळाला मळवट भरला. सून उंबरा ओलांडून बाहेर पडली आणि रीतीप्रमाणं वेशीवर, म्हसोबाच्या धोंड्याजवळ, मुराळ्याची वाट बघत बसली. बायका भोवती बसल्या. सूर्य डोक्यावर आला. एकेक बाई कामाला उठून गेली. उन्हं कलली. बनाबाई वाटेकडं बघत बसली होती. मांडीवरच्या नारळाला हाताचा घाम लागला होता.

तिन्हीसांजेला गरोदर बाईला वेशीबाहेर ठेवत नाहीत. धोंडुबाई आली, तिनं सुनेचा हात धरला आणि तिला घरात परत नेलं.

केरबा पोचला तेव्हा घराघरांत दिवे लागत होते. अंगावर चिखल, हाताला फोड, बगलेत हिरवी साडी.

"या पावणं," धोंडुबाई म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, आणि त्यानंच केरबा जास्त घाबरला.

"मावशी, गाडी अडकली ओढ्यात. उद्या सकाळी बैलगाडी आणतो. उद्या न्हेतो."

"न्हाय."

"चूक झाली माझी. पाया पडतो."

"पाया नका पडू. वेशीवरनं उलटलेलं पाऊल त्या खेपेला बाहेर काढत न्हाईत. माझ्या थोरल्या जावंला असंच दुसऱ्या दिशी काढलेलं, लोकं हसतील म्हणून. ती बी परत आली न्हाय, तिचं बाळ बी न्हाय." तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. "माझं बोलणं वाईट असंल, पर मी वाईट चिंतत न्हाय. ती हितंच बाळंत हुईल."

बनाबाई दाराच्या आड उभी होती. मळवट घामानं ओघळून भुवयांपर्यंत आला होता.

"दादा, गाडी कुठल्या ओढ्यात?"

"अलीकडच्या."

"किती वाजल्यापास्नं?"

केरबाला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "धा."

तिनं भुवयांवरचा मळवट पदरानं टिपला. मग म्हणाली, "मी चालत आलो असतो की, दादा. तू नुसता यायचा हुतास."

पौषात पोरगी झाली. तीन दिवस लागले, हे केरबाला नंतर परक्या माणसाकडून कळलं. दोघी जगल्या. उचगावात अंबूबाईनं सारवून ठेवलेली खोली तशीच राहिली. शेगडी, बाज, जुन्या धोतरांची मऊ दुपटी. डिंकाचे लाडू दगडासारखे झाले. शेवटी ते शेजारणींनी नेले.

पोरगी झाल्याचं कळल्यावर केरबा शिवाजी पेठेत आला. बैलांनी ओढ्यातून ओढून काढलेल्या जीपला चेचलेली पायरी अजून लोंबत होती. फक्रुद्दीननं पाहिलं, आणि त्याला काही सांगावं लागलं नाही.

"जोड तुटला न्हाय," केरबा म्हणाला.

फक्रुद्दीननं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातचा जोड टिकल्याचं त्याला वाईट वाटलं. गॅसची नळी लावून त्यानं एकेक टाका जाळला. सहावा तुटायला फार वेळ लागला. मग त्यानं तोच जुना पाइप उचलला, गाडीच्या अंगाला चिकटवून जोडला. रंग दिला नाही. कुणी मागितलाही नाही.

निघताना त्यानं कोपऱ्यातलं स्टूल उचलून गाडीत ठेवलं. रोशनबी दारातून बघत होती.

पोरगी सव्वा महिन्याची झाली तेव्हा अंबूबाई म्हणाली, "मला न्हे. नातीचं तोंड तर बघू दे." स्टुलावर पाय ठेवून, केरबाच्या खांद्याचा आधार घेत ती जीपमध्ये चढली. ओढ्यात गाडी त्याच धोंड्यावर टेकली, पाइप खरवडल्याचा आवाज झाला, आणि गाडी घसरून पुढं गेली. दम घ्यायलाही लागला नाही.

वाडीत अंगणात बायका जमल्या होत्या. केरबानं स्टूल काढलं, जमिनीवर ठेवलं. कानशिलं तापली होती. अंबूबाई कण्हत कण्हत एक पाय स्टुलावर, एक पाय जमिनीवर अशी उतरली. धोंडुबाई पुढं झाली आणि तिनं विहिणीचा दुसरा हात धरला.

"सावकाश इनबाई. बरं केलं स्टूल आणलं. आमच्या गाडीला बी ठेवाय पायजे असलं."

बस. एवढंच. सगळ्या बायका पोरीचं कौतुक सांगायला लागल्या.

आतून पाळण्याच्या दोरीचा आवाज येत होता, आणि बनाबाईचा. अंबूबाई उंबऱ्यात थांबली. चाल तिच्याच जात्यावरची होती, लेकीला तिनंच दिलेली. शब्द मात्र नवे होते.

मुराळी गं माझा,
ऊन गेलं कौलावरी
बसले मी वेशीवरी,
आला न्हाई.

केरबा आईच्या मागं उभा होता. बनाबाईनं वर पाहिलं आणि गाणं थांबवलं. उठली, आईच्या गळ्यात पडली, पोरगी तिच्या मांडीवर दिली. भावाला पाट दिला, चहा दिला, घराची, म्हशीची चौकशी केली. लहानपणी ती त्याच्या ताटातलं हिसकून खायची. आज तिनं त्याला "अजून घ्या" म्हटलं. घ्या.

"बनाबाई, चल की आता. म्हैनाभर राहा," केरबा म्हणाला. "मावशी बी न्हाय म्हणायच्या न्हाईत."

"आता कशाला?" ती पाळण्याची दोरी नीट गुंडाळत म्हणाली. "ज्या दुखण्याला आई लागती, ते दुखणं झालं की."

अंबूबाईनं नातीचं तोंड पदरानं पुसलं. ते कोरडंच होतं.

संध्याकाळी परतताना केरबा पेठेतूनच गेला. फक्रुद्दीन शेड बंद करत होता. गाडीत आई एकटीच बसलेली त्यानं पाहिली.

"ओढा?"

"पार झाला. काय न्हाय झालं."

केरबानं स्टूल काढून शेडच्या दारात ठेवलं. फक्रुद्दीननं ते उचललं, हातानं त्यावरची लाल माती झाडली.

"कुणी हसलं का रं?"

केरबानं गाडी चालू केली, मग पुन्हा बंद केली.

"न्हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "कुणीबी न्हाय."