शेकायच्या पिशवीची कबुली

मित्रांनो, मी शेकायची एक जुनी रबरी पिशवी आहे. माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात मला पाण्याने भरून दाबून पाहिलं, तेव्हा एक थेंबही गळला नाही. पुढे औषधांच्या दुकानातून शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला घरी नेलं. गल्लीत सगळे त्यांना मावशी म्हणत. सकाळी त्या पायमशीनवर बसल्या की संध्याकाळपर्यंत उठत नसत. मग पिंढऱ्या ठणकायच्या, गुडघे धरायचे. लेक मला भरून आणून द्यायची आणि मावशी डोळे मिटून म्हणायच्या, "माझी खरी डॉक्टर हीच गं!" हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली असे, त्यामुळे कोण काय खातं ते मला दिसायचं. दूध आणि अंडी नवऱ्याच्या आणि लेकीच्या ताटात जायची. मावशी चहात पाव बुडवून उभ्याउभ्याच खायच्या. "मला नाही आवडत दूध," त्या म्हणायच्या, आणि घरात सगळ्यांना ते खरंच वाटायचं.

हळूहळू त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. चालताना चप्पल निसटायची, त्यांना कळायचंही नाही. नवरा चिडवायचा, "अगं, एक चप्पल दारात, एक मोरीत. पाय तरी दोन्ही आणलेस ना?" सगळे हसायचे. मावशीही हसायच्या.

मग त्या म्हणू लागल्या, "आज ऊब लागतच नाही. अजून कढत भर." लेकीने पाणी जास्त तापवलं. शेवटी माझं फ्लॅनेलचं आवरणही काढलं. मला वाटलं, मीच कमी पडतेय. मी ईर्षेला पेटले. त्या संध्याकाळी मावशी माझ्यावर उजवा पाय ठेवून फ्रॉकला हातशिलाई घालत बसल्या. पाय उचलला तेव्हा टाचेची कातडी सोलवटून निघाली होती.

"अगंबाई, हे कधी झालं?" त्यांनी विचारलं. त्यांना काहीच दुखलं नव्हतं. लेक मात्र रडू लागली.

दवाखान्यात काय झालं ते लेकीने घरी येऊन वडिलांना सांगितलं. आईच्या रक्तात बी-बारा नावाचं जीवनसत्त्व जवळजवळ संपलं होतं आणि त्यावाचून पायांच्या नसा निकामी होत चालल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "मुंग्या कधीपासून येतात?"

"दोन वर्षं झाली."

"मग इतके दिवस काय केलंत?"

"शेकत होते."

हे ऐकलं आणि मला त्या खिळ्यावर लटकणंही नकोसं झालं.

इंजेक्शनं सुरू झाली, दूध-अंडी सुरू झाली. जखम भरली, ठणका कमी झाला. पण उजव्या तळव्याची जाणीव पुरती परत आली नाही. मावशी लवकर आल्या असत्या तर ती आली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता मशीनवर बसल्यावर पाय खालच्या पायपट्टीवर आहे की नाही, हे मावशींना वाकून पाहावं लागतं.

मित्रांनो, मी त्यांचं दुखणं बरं केलं नाही, नुसतं गप्प बसवलं. तुमच्या घरी कोणी "मला आवडत नाही" म्हणत दुधाचा पेला तुमच्याकडे सरकवत असेल, तर तो परत तिच्यापुढे ठेवा. ती पिईपर्यंत शेजारी बसा. आणि तिच्या पायांना मुंग्या येत असतील, तर मला भरू नका. तिला चप्पल घालायला लावा आणि आजच्या आज डॉक्टरांकडे न्या.