सालोमेचे दुधाचे दात

कोलंबियाच्या डोंगराळ भागात, ला पाल्मिता नावाच्या गावात, ओतिलियाबाईंच्या घरचं गुऱ्हाळ होतं. त्यामुळे त्या घरात प्रेम आणि गूळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे कुणाला ठाऊकच नव्हतं. कुणी रडलं की गूळ. ताप आला की लिंबू पिळून गुळाचं गरम पाणी. आणि काहीच झालेलं नसलं, तर काही होऊ नये म्हणून पुन्हा गूळ.

या प्रेमाचा मोठा वाटा अर्थातच ओतिलियाबाईंच्या चार वर्षांच्या नातीकडे, सालोमेकडे जाई. तिची आई मारियेला पेरूच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला होती. वड्या कापताना पडलेले तुकडे ती पिशवी भरून घरी आणी आणि पोरगी दिवसभर येता-जाता ते चघळत बसे. बाप फाबियो गुऱ्हाळावरून येताना पाकात बुडवलेली काडी आणी. लेकीनं बापाला ओळखावं एवढीच गरिबाची इच्छा. झोपवायचं खातं आजीकडे होतं. आजीची पद्धत सोपी: गुळाचं कोमट पाणी बाटलीत भरायचं, बाटली नातीच्या तोंडात द्यायची आणि दिवा मालवायचा. बाटली जमिनीवर पडलीच, तर मारियेला तिचं रबरी बोंड स्वतःच्या तोंडात घालून निर्जंतुक करी. तिच्या स्वतःच्या दाढा किडलेल्या होत्या, पण आईच्या तोंडातले जंतू मायाळूच असणार.

घरात सालोमेसाठी ब्रशही होता. गुलाबी. त्यानं ती बाहुलीचे केस विंचरी.

आधी तिच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आले, मग ते तपकिरी झाले, आणि शेवटी वरच्या चार दातांचे काळे खुंट उरले. ओतिलियाबाईंनी निदान केलं. "ह्यांच्या घराण्याचे दातच कच्चे," त्या म्हणाल्या. 'ह्यांचे' म्हणजे दिवंगत नवऱ्याचे; तो उलट बोलायला येणार नव्हता. "आणि दुधाचेच तर आहेत. पडायचेच आहेत."

दातांच्या बाबतीत ओतिलियाबाईंचा शब्द घरात अखेरचा होता, कारण त्यांना स्वतःला एकही नव्हता. सतराव्या वर्षी, लग्नाआधी, त्यांच्या वडिलांनी त्यांचे उरलेसुरले सगळे दात काढवून नवी कोरी कवळी करून दिली होती. पुढे जावयाला दातांच्या खर्चाचा ताप नको म्हणून. ती कवळी बघायला तेव्हा शेजारपाजारच्या बायका आल्या होत्या, हे त्या अजून अभिमानानं सांगत.

गावात दरवर्षी गुळाची जत्रा भरे आणि त्यात गुळाची छोटी राणी निवडत. त्या वर्षी जत्रेचा अध्यक्ष फाबियो होता, त्यामुळे सालोमेच्या अंगी राणीपदाचे गुण आहेत हे सगळ्या समितीला एकदम दिसलं. स्पर्धेतल्या मुलींचे फोटो काढायला फोटोग्राफर आला. "हस बघू, राणी," तो म्हणाला. राणी हसली. त्यानं कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं.

"बाळा, तोंड मिटून हसता येतं का?"

"राण्या तशाच हसतात," ओतिलियाबाईंनी नातीला समजावलं. "दात दाखवून हसायला आपण काय बाजारात बसतो?"

जत्रेला आठवडा उरला असताना सालोमेचा ओठ सुजून नाकाला टेकला. ताप चढला. लवंगेचं तेल झालं, आणि अर्थात गुळाचं पाणीही झालं. पोर पाण्याचा थेंब तोंडात घेईना, तेव्हा मारियेलानं सासूला न विचारता तिला उचललं आणि आरोग्य केंद्र गाठलं. ओतिलियाबाई मागोमाग गेल्या, डॉक्टरला शिकवायला कुणीतरी हवं म्हणून.

पिलार नावाची ती दातांची डॉक्टर शहरातून वर्षभरासाठी खेड्यात पाठवलेली होती. तिनं तोंडात बघितलं आणि विचारलं, "रात्री बाटली घेते?"

"पाण्याची," ओतिलियाबाई म्हणाल्या.

"नुसतं पाणी?"

"चांगलं पाणी. आमच्याच गुऱ्हाळाचं."

डॉक्टरनं डोळे मिटून घेतले. "आजी, झोपेत लाळ कमी होते. ते गोड पाणी रात्रभर दातांवर बसून राहतं."

"दुधाचे दात आहेत, डॉक्टर. पडणारच."

"तुमचे केसही पांढरे होऊन गळणारच होते ना? म्हणून लहानपणीच कुणी उपटले होते का?"

मारियेला हसली. सासूनं बघताच तिनं त्याचा खोकला केला.

"हिच्या दातांच्या मुळाशी पू झालाय," पिलार आता नीट समजावून सांगू लागली. "चारही दात काढावे लागतील. सूज उतरली की लगेच. आणि घरात दात घासून कोण देतं?"

"ती मोठी झालीय, स्वतः घासते," मारियेला म्हणाली.

"बाहुलीचे केस," सालोमेनं सुजलेल्या ओठातून खरं ते सांगून टाकलं.

औषधानं सूज उतरली आणि जत्रेच्या दोन दिवस आधी दात काढायचे ठरले. मारियेलाला बघवेना, म्हणून खुर्चीपाशी ओतिलियाबाई बसल्या. भुलीच्या सुईला सालोमेनं अशी किंकाळी फोडली की बाहेर रांगेतली दोन मुलं आपापल्या आयांसकट घरी गेली. तिची नखं आजीच्या मनगटात रुतली होती. सगळं झाल्यावर तोंडात कापसाचा बोळा धरून हुंदके देत ती थोडी शांत झाली, आणि मग एकदम उजळून म्हणाली, "आजी, आता मलापण तुमच्यासारखे काढायचे-घालायचे दात मिळणार?"

ओतिलियाबाईंनी तिचे डोळे पुसले. त्यांना स्वयंपाकघरातली ती लाकडी खुर्ची आठवली, मागून खांदे दाबून धरणारे वडिलांचे हात आठवले, आणि तोंडातलं रक्त गिळत आपण सगळ्यांना 'दुखलं नाही' म्हणत होतो, तेही आठवलं. शेजारणी बघायला आल्या होत्या ते खरंच होतं. पण त्यानंतर महिनाभर त्या रोज उशीत तोंड खुपसून रडल्या होत्या, ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. हळूहळू स्वतःलाही नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुला तुझे येतील."

घरी आल्यावर फाबियो म्हणाला, "आई, आता कशी पाठवायची स्टेजवर? लोक काय म्हणतील?"

"ती जाईल. लोकांनी आधी स्वतःच्या पोरांची तोंडं बघावीत."

आणि गेलीच ती. महापौरांचं भाषण झालं. गुळानं मुलांची हाडं कशी बळकट होतात ते त्यांनी इतक्या तळमळीनं सांगितलं की वाटावं, ते स्वतःच गुळावर बांधलेले आहेत. मग चकचकीत झग्यांमध्ये छोट्या राण्या ओळीनं उभ्या राहिल्या. सगळ्या हसत होत्या, आणि सगळ्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. पहिल्या रांगेत बसलेल्या ओतिलियाबाईंनी ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. आपण एकट्याच शहाण्या नव्हतो, हे त्यांना कळलं.

सालोमेची पाळी आली. तिला एकच वाक्य पाठ होतं: "आमचा गूळ सगळ्यात सरस!" दातांच्या खिंडीतून त्यातला प्रत्येक 'स' शीळ घालत बाहेर पडला. लोक खो खो हसले. आपल्याला एवढी दाद मिळाली म्हणून सालोमे खूष झाली आणि तोंड पूर्ण उघडून तीही हसली. मुकुट मात्र परीक्षकांनी महापौरांच्या पुतणीला दिला. सालोमेला उत्तेजनार्थ गुळाची मोठी ढेप मिळाली.

खरी लढाई नंतर घरात झाली. बाटली बंद झाल्यावर पोरीनं संध्याकाळी असा गोंधळ घातला की शेजारच्यांना वाटलं, तिला मारतायत. एकदा तिनं रिकामी बाटली नेम धरून आजीच्या कपाळावर हाणली. फाबियो कळवळून म्हणाला, "द्या ना थोडंसं." त्याला घराबाहेर काढण्यात आलं. मारियेला वड्यांचे तुकडे आणायची थांबली. म्हणजे आणायची, पण कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायची आणि जेवणानंतर एकच द्यायची. दात घासताना आजी नातीचं डोकं मांडीवर धरी आणि दोघीही ओरडत.

महिन्या-दोन महिन्यांत ओरडणं कमी झालं. वर्ष संपल्यावर डॉक्टर पिलार शहरात परतली. आता रविवारच्या बाजारात कुणाच्या कडेवरच्या पोराच्या तोंडात बाटली दिसली, की ओतिलियाबाई ती सरळ काढून हुंगतात.

"गोड?" त्या विचारतात. "अगं, झोपेत लाळ कमी होते, एवढं कसं कळत नाही तुम्हा आजकालच्या पोरींना? मी तर पहिल्यापासून सांगत आलेय."

मारियेला शेजारी उभी असते. तिचा खोकला अजून बरा झालेला नाही.